बावीस गुंठ्यांतले पाणी

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी शाहूपुरीतल्या टेंबे सरांच्या घराचे दार वाजले, आणि अभिरामने ते उघडताच बाहेर उभ्या असलेल्या साठीच्या बाईने पायताण काढायच्या आधी हातातला कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"ह्ये निळं तुमी घातलं व्हय?"

अभिराम टेंबे गेली अठरा वर्षे महाविद्यालयात भूगोल शिकवीत होता. प्रश्न कितीही साधा असला तरी त्याचे उत्तर नेमके द्यावे, अर्धवट देऊ नये, असा त्याचा कटाक्ष होता. त्यामुळे त्याने आधी कागद नीट पाहिला. पाणथळ जागांच्या हद्दी ठरवणाऱ्या समितीची ती नोटीस होती. तिला जोडलेला नकाशा त्याचा स्वतःचा होता.

"निळा रंग मी घातलेला नाही," तो म्हणाला. "उपग्रहाच्या चित्रांवरून गणिताने जे पाणी निघाले, ते तिथे दिसते आहे."

"खाली सई कुनाची?"

"माझी."

"मग तुमीच घातलं की!"

या युक्तिवादात खोट काढता येईना, म्हणून अभिरामने बाईंना आत बोलावले. त्यांचे नाव शालूबाई चौगुले. उचगावच्या पलीकडच्या नांदरवाडीहून त्या आल्या होत्या, आणि नांदरवाडीच्या तळ्याकाठी त्यांचे बावीस गुंठे रान होते. येत्या गुरुवारी समिती तळ्यावर येऊन हद्दीच्या खुंट्या ठोकणार होती. हद्दीच्या आत जे रान जाईल, त्यात पुन्हा नांगर घालता येणार नव्हता. नोटिशीत स्पष्ट लिहिले होते की, छत्तीस वर्षांच्या उपग्रहचित्रांपैकी चोवीस वर्षांच्या चित्रांत शालूबाईंच्या रानात पाणी आढळले आहे.

"लगीन हून नांदरवाडीत आलो, त्येला एक्केचाळीस वरसं झाली," शालूबाई म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसे स्वतःविषयी त्या पुरुषी थाटात बोलत. "म्हापूर सोडला, तर त्या रानात मी पाणी बगितल्यालं न्हाय. ऊस असतोय तितं. पान्यात ऊस येतोय का कुनाचा?"

अभिरामला त्यांची दया आली, पण विश्वास वाटला नाही. तळ्यात अतिक्रमण करणारा प्रत्येक जण असेच सांगतो, हे त्याने पुष्कळदा वाचले होते. त्याने लॅपटॉप उघडला आणि एकामागून एक छत्तीस चित्रे त्यांना दाखवली. दरवर्षीचे फेब्रुवारीतले एक चित्र त्याने निवडले होते, कारण पावसाळ्यात ढगांमुळे खालचे काही दिसत नाही आणि फेब्रुवारीत कोल्हापूरचे आकाश लख्ख असते. पाणी प्रकाश गिळते, म्हणून चित्रात ते काळे उमटते; संगणक तो काळा भाग शोधतो आणि निळ्या रंगाने रंगवतो. शालूबाईंचे सबंध रान त्या चित्रांत जेमतेम अडीच ठिपक्यांचे होते.

"हे पाहा, सुरुवातीला तळे चाळीस एकरांचे होते. आता छप्पन्न एकरांवर गेले आहे. तळे वाढते आहे, मावशी."

शालूबाईंनी डोळे बारीक केले. "आमचं तळं? वाढलंय?"

"सोळा एकरांनी."

"आनि मदी ह्ये पिवळं काय?"

"ते बेट आहे. गाळ साचून गेल्या दहा-बारा वर्षांत तयार झालेले."

शालूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या पूर्णिमेकडे, म्हणजे अभिरामच्या बायकोकडे, मोर्चा वळवला. "बाई, आमच्या तळ्यात बेट हाय आनि आमाला ठावंच न्हाय बगा. कोन ऱ्हातंय तितं, त्ये बी इचारा तुमच्या मालकास्नी."

पूर्णिमेला हसू आवरले नाही. "तू पाहिलंस का रे ते बेट?"

"छत्तीस चित्रांत पाहिलं आहे."

"चित्रांत नव्हे. डोळ्यांनी."

अभिराम दोनदा नांदरवाडीला गेला होता, दोन्ही वेळा दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा चहूकडे दोन पुरुष उंचीचा ऊस उभा होता आणि रस्त्यावरून तळ्याचा एक कोपरा तेवढा दिसला होता. हे त्याने सांगितले नाही. "बेस्तरवारच्या आत येऊन बगा," एवढे बोलून शालूबाई उठल्या. त्यांनी नोटिशीची घडी पदराच्या टोकाला बांधली आणि त्या निघून गेल्या.

त्या दिवशी अभिरामने तासांवर शिकवले काय, हे त्याचे त्यालाच कळले नाही. त्याच्यापुढे तीन शक्यता होत्या. बाई खोटे बोलत होत्या, उपग्रह खोटे बोलत होता, किंवा आपले गणित चुकले होते. माणूस कारण असल्यावाचून खोटे बोलत नाही, आणि शालूबाईंपाशी बावीस गुंठ्यांचे कारण होते. उपग्रहापाशी कसलेच कारण नव्हते. राहता राहिले गणित, आणि ते त्याने दुपारभर पुन्हा करून पाहिले. त्यात एका आकड्याचाही फरक पडला नाही.

मात्र ते तपासताना एक विचित्र गोष्ट त्याच्या ध्यानात आली. २०१९ च्या महापुरात अर्धा जिल्हा पाण्याखाली गेला होता. त्या पुरानंतरच्या फेब्रुवारीत शालूबाईंच्या रानात पाण्याचा टिपूस नव्हता. उलट, ज्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मात्र तेच रान काठोकाठ भरलेले होते. पुराने रान कोरडे पडावे आणि अवर्षणाने भरावे, असे तळे त्याच्या अभ्यासात कोठेच नव्हते. ही विसंगती आधी का दिसली नाही, तर आधी तो फक्त बेरजेकडे पाहत होता, आणि बेरीज सुरेख चढत गेली होती.

मंगळवारी तो नांदरवाडीला गेला.

तळ्याच्या दिशेने पाणंदीतून चालताना त्याने हातातल्या मोबाइलवर स्वतःचा नकाशा उघडला. त्याची जागा दाखवणारा ठिपका हळूहळू निळ्या भागाकडे सरकत होता. मग तो निळ्यात शिरला. अभिराम थांबला आणि त्याने खाली पाहिले. नकाशाप्रमाणे तो या घटकेला तळ्यात उभा होता. प्रत्यक्षात त्याच्या पायांखाली कोरडी, काळीकुट्ट राख होती, आणि त्याची तपकिरी पॅन्ट गुडघ्यापर्यंत काळी झाली होती. समोर, डावीकडे, उजवीकडे, नजर पोचेल तिथवर रान असेच काळे पडले होते.

"पावणं, पवायला येतंय का न्हाय?" बांधावरून शालूबाईंनी हाक दिली. "खोल हाय बगा तितं!"

"हे काय झालं आहे इथे?"

"काय झालंय? ऊस गेला कारखान्याला, पाचट पेटवलं. आठ दिस झालं."

उसाची तोड झाली की मागे वाळल्या पाल्याचा जाड थर उरतो, तेच पाचट. ते जाळले की रान खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, मोकळे होते. हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. अभिरामलाही ठाऊक होते. हिवाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी तो जन्मभर झटकत आला होता. पण ती काजळी आणि आपल्या चित्रांतला काळा रंग यांची गाठ त्याने कधी घातली नव्हती.

"दर वर्षी जाळता?"

"ऊस असला की जाळायचं. टायमात तोड आली, तर ह्याच म्हैन्यात."

"महापुराच्या नंतरच्या साली?"

"त्या साली ऊस कुजला की. पेटवायला काय व्हतं? कप्पाळ?"

अभिराम बांधावर बसला. काळे दिसले ते पाणी, असे त्याने संगणकाला शिकवले होते, आणि संगणकाने ते इमानाने पाळले होते. ज्या सोळा एकरांनी तळे वाढल्याचे त्याने सहीनिशी लिहून दिले होते, ते सोळा एकर जळके रान होते. तळ्याकाठी ऊस जसजसा वाढत गेला, तसतसे त्याच्या नकाशात पाणी वाढत गेले. अवर्षणात तोड लवकर उरकते आणि फेब्रुवारीपर्यंत सगळे जाळून होते, म्हणून त्या वर्षी तळे काठोकाठ.

"आणि ते बेट?" त्याने विचारले.

शालूबाईंनी हाताने दाखवले. रानांच्या पलीकडे, खाली उतारावर, हिरवा गालिचा अंथरावा तसे जलपर्णीचे केंदाळ पसरले होते. ते मधोमध इतके दाट झाले होते की त्यावर बगळे पाय रोवून उभे होते. खाली पाणी होते, पण वरून पाहणाऱ्याला ते शेत वाटले असते. वरून पाहणाऱ्याला तसेच वाटले होते. जिथे जमीन तिथे पाणी, आणि जिथे पाणी तिथे जमीन! इतके काटेकोरपणे चुकलेले काम त्याने कुणा विद्यार्थ्याकडूनही पाहिले नव्हते.

तो सावरेपर्यंत शालूबाई आपल्या कामाला लागल्या होत्या. रानाच्या कडेला, जाळातून राखून ठेवलेल्या वावभर जागेत, शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले होते. त्यांनी त्यांवर पाणी घातले, हळद-कुंकू वाहिले.

"साती आसरा," त्या म्हणाल्या. "मंगळवार हाय न्हवं आज."

"आसरा पाण्याच्या काठी असतात ना?"

"मग? पान्याच्याच देवी त्या. पान्याबिगार कुठं ऱ्हात्याल?"

हे बोलून त्यांनी जीभ चावली. अभिरामने तळ्याकडे नजर टाकली. शंभरेक पावलांवर, नोटिशीच्या यादीत नाव असलेल्या सयाजी घाटगे यांच्या रानाच्या टोकाला, शेंदराचा आणखी एक ठिपका होता. त्याच्याही पुढे, केंदाळाच्या अगदी कडेला, तिसरा. त्याने पावले मोजत चालून पाहिले. प्रत्येक ठिकाणी सातच दगड होते. पहिल्या ओळीपासून तिसरीपर्यंत दोनशे चाळीस पावले भरली.

तो परत आला तेव्हा शालूबाई बांधावर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"पाणी मागं सरलं, की बायका नव्या सात मांडत्यात," त्यांनी आपणहून सांगितले. "जुन्या उचलायच्या न्हाईत, पाप लागतंय. ह्या हितल्या माझ्या आजेसासूनं मांडल्याल्या."

"म्हणजे मावशी, इथे पाणी होतं."

"माझ्या डोळ्यादेखत न्हवतं. मी खोटं बोललो न्हाय."

"पण होतं."

शालूबाईंचा आवाज खाली आला. "मास्तर, तुमचा नकाशा चुकलाय. तुमी नकाशाचं बोला. दगडाचं बोलू नगा."

बुधवारी संध्याकाळी अभिरामने पूर्णिमेला सगळे सांगितले. ती शाळेत गणित शिकवीत असे. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतले.

"म्हणजे तुझा नकाशा सपशेल चुकीचा. आणि त्याने काढलेला निष्कर्ष?"

"बरोबर. ते रान तळ्याचंच होतं. फक्त उपग्रह वर जायच्या कितीतरी आधी."

"मुलांच्या पेपरात असं येतं. रीत चूक, उत्तर बरोबर."

"मग काय करतेस?"

"रीतीचे सगळे गुण कापते. उत्तराचा एक देते."

"मी गप्प राहिलो, तर तळ्याला सोळा एकर परत मिळतात. सयाजी घाटग्यांचं तळ्यात घुसलेलं रान आत जातं. पण त्याबरोबर या बाईचंही जातं, आणि तेही खोट्या पुराव्यानं. बोललो, तर तिचं वाचतं आणि तळं जातं. अर्धंच बोललो, तर..."

"अर्धं बोलायला तुला येतं का?" पूर्णिमा म्हणाली. "लग्नाला सोळा वर्षं झाली, मी तरी ऐकलेलं नाही."

गुरुवारी अकरा वाजता समिती तळ्यावर आली. समितीचे अध्यक्ष धैर्यशील इंगवले यांच्यासमोर बांधावरच टेबल मांडले होते. मागे पांढऱ्या-तांबड्या रंगाच्या लाकडी खुंट्या घेऊन कर्मचारी उभे होते. सयाजी घाटगे कडक इस्त्रीच्या कपड्यांत पुढेच बसले होते. शालूबाई बायकांच्या घोळक्यात, मागे.

अभिराम उभा राहिला आणि पाच मिनिटांत त्याने आपला नकाशा मागे घेतला. पाचट, राख, केंदाळ, सगळे क्रमवार सांगितले.

इंगवले साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सर, माझा गोंधळ उडालाय. तुमचाच नकाशा तुम्हीच खोटा म्हणताय?"

"खोटा नाही. चुकीचा."

"फरक काय?"

"खोट्याला हेतू असतो, साहेब. माझ्या नकाशाला नव्हता."

"मास्तर, तुमच्या तोंडात साखर पडो!" सयाजीराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "म्या पैल्यापासनं सांगतोय, काळं ते काय सगळं पाणी न्हवं. तसं असतं तर आमच्या म्हशीत बी तळं दिसलं असतं!"

लोक खो खो हसले. हसू ओसरल्यावर इंगवले साहेबांनी पेन उघडले. "तर मग मी असं लिहितो, की या रानांत पूर्वी कधीही पाणी नव्हतं. बरोबर?"

हो म्हटले की बावीस गुंठे सुटत होते. आणि काल-परवापर्यंत ज्यांवर त्याने अन्याय केला होता, ते नेमके तेच बावीस गुंठे होते. त्याने मागे पाहिले. शालूबाई त्याच्याकडे बघत होत्या, पापणी न लवता.

"असं मला म्हणता येणार नाही," तो म्हणाला.

"का?"

मग त्याने दगडांचे सांगितले. तीन ओळी, दोनशे चाळीस पावले. कुणाकडून कळले, ते मात्र सांगितले नाही. घोळक्यात कुजबुज झाली, आणि सयाजीराव ताडकन उठले. "आता दगडावरनं जमिनी काढून घेता व्हय? उद्या कोन बी रातीत सात धोंडं मांडंल आनि म्हनंल, हितं समुद्र व्हता!"

इंगवले साहेब उठून पहिल्या ओळीपाशी गेले, वाकून त्यांनी नमस्कार केला आणि परत येऊन बसले. "हे कुठल्या सालचे, सर?"

"माहीत नाही."

"कुणाची लेखी नोंद?"

"नाही."

"दगडाला तारीख नाही. उपग्रहाला होती, ती तुम्ही काढून घेतलीत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. "माझ्या हातात आता एकच उरतं. आज जिथे पाणी, तिथे हद्द. तेच लिहितो."

म्हणजे शालूबाईंचे रान सुटले. घाटग्यांचेही सुटले. अभिरामला आनंद वाटायला हवा होता की लाज, याचा त्याला पत्ता लागेना.

कर्मचारी खुंट्या घेऊन उतारावरून खाली गेले आणि केंदाळापाशी येऊन थबकले. "साहेब, पाणी कुठनं धरायचं?"

"धरायचं काय त्यात?" सयाजीराव म्हणाले. "ही हिरवी सगळी जमीनच की. मास्तरांच्या नकाशात बेट हाय म्हनून छापलंय. पाणी लागंल तितं म्होरं ठोका."

तसे केले असते, तर हद्दीच्या आत तळ्याचा चौथा हिस्सादेखील उरला नसता. इंगवले साहेब अभिरामकडे वळले. "सर, ही जमीन की पाणी?"

"पाणी."

"तुमच्या नकाशात तर जमीन आहे."

ज्याने आपला पुरावा स्वतःच्या हाताने फाडला, त्याच्या शब्दाला किती वजन उरते, हे अभिराम जाणून होता. तो तोंड उघडणार, तोच मागून कुणीतरी त्याला बाजूला सारले. शालूबाईंनी कासोटा खोचला, एका कर्मचाऱ्याच्या हातातली खुंटी ओढून घेतली आणि त्या केंदाळात शिरल्या. पाचव्या पावलाला हिरवा थर दुभंगला आणि त्या मांडीपर्यंत खाली गेल्या. दहाव्या पावलाला कमरेपर्यंत. बगळे उडाले.

"काकी, बुडशीला!" सयाजीराव ओरडले.

"जमिनीत कशी बुडंन रं सयाजी?" त्या पाण्यातून म्हणाल्या. "बेट हाय न्हवं ह्ये!"

त्या वळल्या, पायाने तळ चाचपत परत आल्या आणि जिथे पाऊल पहिल्यांदा ओले झाले होते, त्याच्या चार हात वर, तिसऱ्या ओळीच्या दगडांपाशी, त्यांनी खुंटी मातीत रोवली. "हितनं पाणी. पावसात हितंवर येतंय, म्हनून हितनं. ठोका."

इंगवले साहेबांनी मान हलवली. हातोडा पडला. सयाजीराव काही बोलले, पण बायकांच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेले नाही.

शालूबाई बांधावर येऊन लुगड्याचा सोगा पिळू लागल्या. अभिराम त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"तुमी दगडाचं बोललासा," वर न पाहता त्या म्हणाल्या.

"बोललो."

"नगा म्हनलं व्हतं मी."

"हो."

"रान माझं व्हतं. तळं बी आमचंच हाय. तुमी कुनाच्या बाजूचं, त्ये सांगा की मला."

अभिरामने बराच विचार केला. नेमके उत्तर द्यावे, अशी त्याची सवय होती. "मला अजून कळलेलं नाही, मावशी."

"मला बी न्हाय." त्यांनी सोगा झटकला, केंदाळाचे एक पान खांद्यावरून उपटून टाकले. "तुमास्नी शिव्या घालाव्या का घरला चा प्यायला न्यावं, त्येच कळंना झालंय."

असे म्हणून त्या जळक्या रानातून गावाकडे चालू लागल्या. अभिराम जागचा हलला नाही. वीसेक पावले गेल्यावर, मागे वळून न पाहता, त्यांनी ओरडून विचारले,

"साखरेचा पितासा का गुळाचा?"